शेगडीचा कोळसा कसा निवडावा?

पावसाळ्यात नागपूरच्या रस्त्यांवर शेगड्यांवर भुट्टे भाजलेले तुम्ही पाहिले असतील. एका शेगडीतून धूर निघतो, दुसरीतून नाही. असे का?

लाकूड अपुऱ्या हवेत तापवले, की त्यातील पाणी, वायू व डांबर निघून जाते आणि मुख्यतः कार्बन उरतो. हाच लोणारी कोळसा. तापवणे अर्धवट राहिले, तर आत उरलेली द्रव्ये पुढे शेगडीत धूर होऊन बाहेर पडतात.

आता निवड कशी करायची? तुकडा मोडून पाहा. आतून सर्वत्र काळा व चकचकीत असेल तर तो पक्का; तपकिरी असेल तर कच्चा. दोन तुकडे एकमेकांवर आपटा. आवाज खणखणीत यावा. बद्द आला, तर कोळसा कच्चा किंवा ओलसर समजावा. सारख्या आकाराचे तुकडे हातात तोला. बाभळीसारख्या घट्ट लाकडाचा कोळसा जड भरतो व जास्त वेळ टिकतो. चुरा घेऊ नका. त्याने हवेची वाट अडते.

मात्र धूर नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नका. कार्बन जळून झालेला कार्बन डायऑक्साइड तप्त निखाऱ्यांतून वर जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. निखाऱ्यांवरची निळसर ज्योत ही त्याच्याच ज्वलनाची. न जळलेल्या वायूला मात्र रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. म्हणून थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून कधीही झोपू नका. उत्तम कोळसासुद्धा उघड्यावरच पेटवावा.