पिल्लांच्या आधी पिंजरा

चि. मुक्तास,


तुझी गिनी पिग गाभण आहे आणि पिल्लांची हालचाल हाताला लागते, हे वाचून लगेच लिहायला बसले. या प्राण्याचा गाभणकाळ नऊ-दहा आठवड्यांचा. पोटावर हात ठेवल्यावर हालचाल कळते, म्हणजे त्यातले बहुतेक दिवस सरले. पिंजऱ्याचं काम या आठवड्यातच उरक.

उंदरांची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात. हिची तशी नसतील. अंगावर केस, डोळे उघडे, तोंडात दात. काही तासांत पळायला लागतील आणि पहिल्या-दुसऱ्या दिवशी गवताची काडीही चावून बघतील. त्यामुळे 'एवढंसं पिल्लू कुठे जाणार' असं मुळीच समजू नकोस. वजन जेमतेम शंभर ग्रॅम, आणि जिथून डोकं गेलं तिथून अंगही जातं. तुझा पिंजरा दीड इंची चौकोनांच्या जाळीचा आहे. आईला तो ठीक होता. पिल्लू त्यातून सहज बाहेर पडेल, आणि बाहेर मांजर आहे, दाराची फट आहे, आपले पाय आहेत. खालच्या आठ-नऊ इंचांना चहूबाजूंनी अर्ध्या इंचाची बारीक जाळी तारेने बांध. टोकं बाहेरच्या अंगाला वळव, डोळ्याला लागतात. जाळी मिळेपर्यंत जाड पुठ्ठा चालेल, पण बाहेरून लाव आणि वरचा भाग उघडा ठेव. अकोल्याच्या उन्हाळ्यात बंद पिंजरा म्हणजे भट्टी होईल, आणि उष्मा या जातीला अजिबात सोसत नाही.

तळ जाळीचा नको. पाय अडकून मोडतो. वरचा मजला आणि उतार तूर्त काढून ठेव. पाण्याचं भांडं काढ, पिल्लू त्यात बुडू शकतं; बाटली लाव आणि तिची नळी पिल्लांच्या तोंडाला पुरेल इतकी खाली आण. लपायच्या खोक्याला दोन दारं हवीत. विटा, जड वाट्या असं काही कलंडेल ते ठेवू नकोस. आईला गवत भरपूर दे, आणि रोज पेरूची फोड किंवा सिमला मिरचीचा तुकडा: क जीवनसत्त्व या प्राण्याच्या शरीरात तयार होत नाही.

पिल्लं झाल्यावर रोज ठरावीक वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन कर. सतत घटत गेलं तर थांबू नकोस, पशुवैद्य गाठ. तीन आठवडे झाले की नर पिल्लं आईपासून आणि बहिणींपासून वेगळी कर. चौथ्या आठवड्यात मादी पिल्लूही गाभण राहू शकतं.

एक गोष्ट मात्र पत्र वाचून होताच कर. बाळंत झाल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. थकलेल्या अंगाला ते जिवावर बेतेल. म्हणून मोठा नर आजच दुसऱ्या पिंजऱ्यात हलव.

तुझी,
मावशी