परगावचा मुक्काम

प्रस्तावना

प्रवास म्हटला की मुक्काम आलाच. नातेवाइकांच्या घरी उतरण्याची सोय असेल तर फारसा प्रश्न नसतो. परंतु भाषा वेगळी, रस्ते अनोळखी आणि हातातील पैसे मोजके अशा स्थितीत भाड्याच्या खोलीत राहण्याची वेळ आली, की साध्या साध्या गोष्टीही अवघड वाटू लागतात. महाराष्ट्रातून आणि सीमाभागातून अनेक माणसे ज्या मोठ्या शहरांत अशा मुक्कामासाठी जातात, त्यांपैकी एक म्हणजे बेंगळुरू.

या शहराशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसवलेले हे गाव १६३८ मध्ये आदिलशाहीच्या ताब्यात आले आणि पुढे शहाजीराजांकडे जहागीर म्हणून राहिले. आज मात्र सांगली-सोलापूरची किंवा बेळगाव-निपाणीची माणसे तेथे जातात ती वेगळ्या कारणांनी : कुणाची नोकरीची मुलाखत असते, कुणाची परीक्षा, तर कुणाच्या घरातील रुग्णाला निम्हान्स, किदवई किंवा जयदेव या रुग्णालयांत दाखवायचे असते. रुग्णाला घेऊन जाणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने खोलीच्या भाड्यात गेलेला प्रत्येक जादा दिवस औषधाच्या पैशांतून वजा होतो. म्हणून या पाठात मुक्कामाकडे चैन म्हणून नव्हे, तर एक व्यवहार म्हणून पाहिले आहे. हा व्यवहार किल्ली हातात घेण्यापूर्वी ठरतो. नंतर घातलेल्या वादाचा उपयोग क्वचितच होतो.

जागा कोठे घ्यावी?

मुंबई, पुणे आणि सोलापूरकडून येणारी उद्यान एक्सप्रेस, तसेच मिरज-बेळगावकडून येणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस या गाड्या शहराच्या मध्यभागातील क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा स्थानकावर येतात. काही गाड्या मात्र यशवंतपूरला, तर काही पूर्वेकडील बैयप्पनहळ्ळी येथील सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनलला थांबतात. हे टर्मिनल २०२२ मध्ये सुरू झाले. तेव्हा तिकिटावर केवळ ‘बेंगळुरू’ हे नाव वाचून समाधान मानू नये; स्थानक कोणते, हे पाहूनच उतरण्याची जागा ठरवावी.

रायण्णा स्थानकासमोर केंपेगौडा बसस्थानक आहे. या साऱ्या परिसराला लोक ‘मॅजेस्टिक’ म्हणतात. येथे एका जुन्या चित्रपटगृहाचे नाव भागाला चिकटले आहे. मॅजेस्टिक आणि त्याला लागून असलेले गांधीनगर येथे लहानमोठ्या लॉजची दाटी आहे. महाराष्ट्र मंडळ ही तेथील मराठी मंडळींची जुनी संस्थाही गांधीनगरातच आहे.

स्थानकाजवळची खोली सोयीची वाटते, पण ती नेहमीच स्वस्त पडते असे नाही. काम जर दूर असेल तर रोजचे रिक्षाभाडे खोलीत वाचलेले पैसे खाऊन टाकते. रिक्षाचा दर १ ऑगस्ट २०२५ पासून पहिल्या २ किलोमीटरला ३६ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला १८ रुपये असा ठरला. रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत दीडपट आकारणी होते. याउलट मेट्रोच्या जवळची खोली थोडी महाग असली तरी परवडू शकते. जांभळी मार्गिका व्हाइटफील्डकडे जाते आणि तिच्यावर श्री सत्य साई रुग्णालयाचे स्थानक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली पिवळी मार्गिका आर. व्ही. रोडपासून बोम्मसंद्रपर्यंत जाते. तिच्यावर जयदेव रुग्णालयाचे स्थानक आहे. मॅजेस्टिकहून हिरव्या मार्गिकेने आर. व्ही. रोडला जाऊन तेथे गाडी बदलता येते. सिटी बसही स्वस्त आहे. मात्र जून २०२३ पासून असलेला महिलांचा मोफत प्रवास कर्नाटकातील रहिवाशांसाठी आहे. बेळगावच्या महिलेला तो मिळतो, कोल्हापूरच्या महिलेला तिकीट काढावे लागते.

रुग्णासोबत आलेल्यांनी प्रथम रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात चौकशी करावी. काही मोठ्या रुग्णालयांच्या आवारात किंवा जवळपास अल्प दराच्या धर्मशाळा असतात. स्थानकाबाहेर ‘चांगला लॉज दाखवतो’ म्हणून सामान उचलणाऱ्या माणसाचे दलाली-कमिशन शेवटी पाहुण्याच्याच भाड्यात मिसळलेले असते, हेही ध्यानात ठेवावे.

भाड्याचा दिवस केव्हा संपतो?

खोलीचा दर सगळेच विचारतात. दिवस केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो, हे मात्र थोडेच विचारतात. आणि पैसे बहुधा तेथेच जातात. लॉजमध्ये दोन पद्धती आढळतात. एकीत पाहुणा ज्या घटकेला येतो तेथून २४ तास मोजतात. दुसरीत दुपारी १२ ते दुसऱ्या दुपारी १२ हा एक दिवस धरतात. वेळा क्वचित थोड्या वेगळ्याही असतात.

समजा, एक कुटुंब सोमवारी सकाळी ६ वाजता पोहोचले. परतीची गाडी मंगळवारी रात्री ९ वाजता आहे आणि खोलीचे भाडे ८०० रुपये आहे. चोवीस तासांच्या पद्धतीत पहिला दिवस मंगळवारी सकाळी ६ ला संपतो. त्यानंतर खोली ठेवली तर दुसऱ्या दिवसाचे ८०० रुपये लागू होतात. परंतु त्या दिवशी सकाळीच रुग्णालयात रांगेला उभे राहायचे असेल, तर ६ वाजता खोली सोडून सामान कचेरीत ठेवता येते आणि काम एका दिवसाच्या भाड्यात भागते. ‘बारा ते बारा’ पद्धतीत खोली मंगळवारी दुपारपर्यंत मिळते हे खरे. पण सोमवारी सकाळी ६ ते १२ या सहा तासांचे काय? खोली रिकामी असेल तर काही जण तशीच देतात, काही अर्धे भाडे घेतात, काही आदल्या पूर्ण दिवसाचे भाडे लावतात. म्हणजे दर तोच असूनही खर्च ८०० रुपये होईल, १२०० होईल किंवा १६०० होईल. दोन्ही पद्धतींत वाईट काही नाही. आपली गाडी पहाटे पोहोचते की दुपारी, यावर कोणती पद्धत सोयीची ते ठरते.

खाली दिलेले दूरध्वनीवरील संभाषण लक्षपूर्वक वाचा.

पाहुणा : नमस्कार साहेब. मी मिरजेहून बोलतोय. सोमवारी सकाळी तीन माणसांसाठी एक खोली हवी होती.
व्यवस्थापक : मिळेल की. मी बेळगावचाच, मराठीतच बोला. एसी पाहिजे का साधी?
पाहुणा : साधीच बघा. आईला दवाखान्यात दाखवायचं आहे. तिला जिना चढवत नाही. तळमजल्यावर मिळेल का?
व्यवस्थापक : तळमजल्यावर नाही, पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण वीज गेली की बंद.
पाहुणा : भाडं किती? कर धरून सांगा.
व्यवस्थापक : आठशे, वर पाच टक्के. तिसऱ्या माणसाला गादी घेतली तर ती वेगळी.
पाहुणा : दिवस चोवीस तासांचा की बारा ते बारा?
व्यवस्थापक : चोवीस तास. तुम्ही वहीत सही कराल तिथून.
पाहुणा : बरं. दर आणि वेळ एवढं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवाल का?
व्यवस्थापक : पाठवतो. आईंना सावकाश घेऊन या.

या संभाषणातील शेवटची विनंती सर्वांत मोलाची आहे. तोंडी ठरलेला दर रात्रपाळीच्या माणसाला ठाऊक असेलच असे नाही. लिहिलेला संदेश त्याला दाखवता येतो.

पाठगत प्रश्न
१. वीज गेल्यास लिफ्ट बंद पडते, ही माहिती पाहुण्याला कोणत्या प्रश्नामुळे मिळाली?
२. पाहुण्याने कोणती आवश्यक गोष्ट विचारलेली नाही, असे तुम्हांला वाटते?

आगाऊ रक्कम आणि फसवणूक

इंटरनेटवर दिसणारा प्रत्येक क्रमांक लॉजचाच असतो असे मानू नये. खोटी संकेतस्थळे तयार करून संपूर्ण भाडे आगाऊ उकळण्याचे प्रकार घडतात. शक्यतो पैसे पोहोचल्यावर द्यावेत, किंवा थोडीच रक्कम आगाऊ द्यावी. ‘तुमचे पैसे परत करतो, पिन टाका’ असे कोणी सांगितले तर संभाषण तेथेच थांबवावे. यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही, तो फक्त पैसे देताना लागतो. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

नोंदवही आणि पावती

खोली देताना व्यवस्थापक नोंदवहीत नाव, पत्ता, येण्याची वेळ आणि प्रवासाचे कारण लिहून घेतो. येण्याची वेळ स्वतः पाहून मगच सही करावी, कारण भाड्याचा हिशेब तिच्यावरूनच होतो. ओळखपत्र सोबतच्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे लागते. पॅन कार्डावर पत्ता नसल्यामुळे ते पुष्कळ ठिकाणी चालत नाही. मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना जवळ असावा. आधारची प्रत द्यायची असल्यास पहिले आठ अंक झाकलेली प्रत देता येते. ती आधारच्या संकेतस्थळावरून मिळते. प्रतीवर ‘लॉज मुक्कामासाठी’ असे लिहून तारीख घालावी. जर्मनीने १ जानेवारी २०२५ पासून स्वतःच्या नागरिकांना हॉटेलात नोंदणीपत्रक भरण्याच्या सक्तीतून मोकळे केले आहे. आपल्याकडे मात्र ही नोंद अजून टळलेली नाही.

दररोज ७५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्यापूर्वी तो १२ टक्के होता. म्हणजे ८०० रुपयांच्या खोलीवर ४० रुपये. कोणी अजूनही जुन्या दराने कर लावत असेल तर नम्रपणे निदर्शनास आणावे. कर घेणाऱ्या लॉजच्या पावतीवर त्याचा पंधरा अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. कर्नाटकातील हा क्रमांक २९ ने सुरू होतो, महाराष्ट्रातील २७ ने. क्रमांक नाही आणि कर मात्र मागितला, तर तो का द्यायचा हे विचारण्याचा पाहुण्याला पूर्ण अधिकार आहे. लहान लॉजची नोंदणी नसेल तर तो करही घेऊ शकत नाही. ‘सेवा शुल्क’ ही वेगळी बाब आहे. ते आपोआप बिलात जोडता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. अशा तक्रारींसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे.

खोली पाहताना

पैसे भरण्यापूर्वी खोली पाहण्यास मागणे हे अविश्वासाचे लक्षण नाही. दाराची आतली कडी नीट बसते का, खिडकी लागते का, नळाला पाणी आहे का, एवढे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. गरम पाणी अनेक ठिकाणी फक्त सकाळी ठरावीक वेळेतच येते. ती वेळ विचारून ठेवावी. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने येथील हवा बरीच थंड असते. मार्च-एप्रिल सोडले तर वातानुकूलित खोलीसाठी जादा पैसे मोजण्याची गरज सहसा पडत नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत एक जादा पांघरूण मागून घ्यावे लागते.

आणखी एक गोष्ट न चुकता पाहावी : खाली उतरण्याचा दुसरा जिना कोठे आहे आणि तो मोकळा आहे का. २३ फेब्रुवारी २०१० रोजी बेंगळुरूच्या कार्लटन टॉवर्स या कार्यालयीन इमारतीला आग लागली आणि ९ जणांचे प्राण गेले. जिन्याच्या वाटा अडलेल्या होत्या, हे त्या दुर्घटनेनंतर पुढे आले. आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नये. संकटात ११२ हा क्रमांक लावावा.

थोडे कन्नड, थोडे मराठी

येथे ‘हॉटेल’ अशी पाटी दिसली म्हणजे आत खोल्या असतीलच असे नाही. पुष्कळदा ते केवळ उपाहारगृह असते. मुक्कामासाठी ‘लॉज’ ही पाटी शोधावी. कन्नड पाटीवरील ‘वसतिगृह’ या शब्दाने गोंधळू नये. मराठीत तो विद्यार्थ्यांच्या निवासासाठी रूढ असला, तरी तेथे तो लॉजलाही लावतात. ‘बाडिगे’ म्हणजे भाडे, ‘बिसि नीरु’ म्हणजे गरम पाणी, ‘एष्टु’ म्हणजे किती आणि ‘बेकु’ म्हणजे हवे. ‘बेड’ म्हणजे मात्र ‘नको’! जादा बेड मागणाऱ्या पाहुण्याच्या तोंडून नेमके ‘नको’ ऐकू आले, तर दोष कोणाचाच नसतो. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ ही संबोधने दोन्ही भाषांत सारखीच आहेत, आणि त्यांनी सुरू केलेले बोलणे सहसा सौम्य राहते.

खोली सोडताना

निघण्याच्या आदल्या रात्रीच हिशेब मागावा. सकाळच्या घाईत बिल वाचले जात नाही. अनामत रक्कम दिली असेल तर ती परत घ्यावी आणि अंतिम पावती सांभाळून ठेवावी. नोकरीच्या ठिकाणी प्रवासखर्च मागताना ती लागते. सामान मागे ठेवून जायचे असल्यास पिशव्या मोजून त्यांची नोंद करून घ्यावी. पैसे, दागिने आणि रुग्णाचे तपासणी अहवाल मात्र स्वतःजवळच ठेवावेत.

स्वाध्याय

१. ‘बारा ते बारा’ आणि ‘चोवीस तास’ या पद्धतींतील फरक उदाहरण देऊन लिहा.
२. एका खोलीचे भाडे ९०० रुपये आहे. कर धरून दोन दिवसांचे बिल किती होईल?
३. बेंगळुरूतील एखाद्या लॉजला दोन रात्रींच्या मुक्कामाची चौकशी करणारा, पाच वाक्यांचा संदेश लिहा. त्यात पोहोचण्याची वेळ अवश्य नमूद करा.
४. तुमच्या गावातील एखाद्या लॉजची पावती मिळवा आणि तिच्यावरील नोंदणी क्रमांक, दर व कर तपासून पाहा.