कोयता परतायच्या आत कागद तयार हवेत

पोरी, तू सरपंच झालीस आणि आल्या आल्या पाणलोटाचं काम काढायचं म्हणालीस, याचा मला मनापासून आनंद आहे. आता एक नीट ऐक. आपल्या बीड जिल्ह्यात गावच्या कामाच्या दोन तारखा आपल्या हातात नसतात. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून मार्च-एप्रिलमध्ये परततात आणि जूनमध्ये मृगाचा पाऊस येतो. राबणारे हात आणि कोरडी जमीन एकत्र मिळते ती एवढ्याच मधल्या दिवसांत. पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा २०१६ साली अंबाजोगाई, वरूड आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत झाली, तीसुद्धा २० एप्रिल ते ५ जून अशीच होती. म्हणून काम जूनपासून मागे मोजत आखायचं.

शिवारफेरी भर पावसाळ्यात काढ. उन्हाळ्यात सगळे नाले सारखेच दिसतात. पाणी कुठून सुटतं, कुणाचा बांध फोडतं, माती कुठं साचते, हे श्रावणातच दिसतं. सोबत म्हाताऱ्या गुराख्यांना घे आणि बायकांनाही. कुठल्या विहिरीचं पाणी आधी तळाला जातं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

ग्रामसभेचा ठराव दसऱ्याच्या आत कर. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली माणसं एकदा निघाली की अर्धं गाव नसतं, आणि त्यांना न विचारता ठरवलेल्या कामाला ती वैशाखात मनापासून हात लावत नाहीत.

मग गाव रिकामं असतं ते महिने कागदांचे. आराखडा, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. हे कंटाळवाणं वाटेल, पण मी सगळ्यात जास्त जीव इथंच लावीन. मंजुरीपाशी थांबू नकोस. नगर-बीड-परळी रेल्वे २६१ किलोमीटरची. १९९५च्या सुमारास मंजूर झाली आणि बीडहून गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ला. भूसंपादन आणि निधी यांत एक पिढी म्हातारी झाली. आपलं काम छोटं असलं तरी अडतं तिथंच. ज्याच्या रानातून चर जाणार त्याच्या ओट्यावर जाऊन बस, संमती लेखी घे. सातबारा उघडून बघ. भाऊ हो म्हणतो, पण त्यावर बहिणींचीही नावं असतात. त्यांच्याही सह्या घे.

काम माथ्यापासून पायथ्याकडे. हा क्रम कुणासाठीही मोडू नकोस, आमदारांचा फोन आला तरी. सगळ्यांना आधी खालचा मोठा बंधारा हवा असतो, कारण त्याचा फोटो छान येतो. पण डोंगरावर सलग समतल चर नसतील तर बालाघाटाची माती त्याच बंधाऱ्यात येऊन बसते. चरांची आखणी ए-फ्रेमनं, म्हणजे समपातळी दाखवणाऱ्या साध्या चौकटीनं, करून घे. दोन-चार पोरांना ती शिकव, म्हणजे इंजिनिअर येईपर्यंत काम खोळंबणार नाही. चरातली माती उताराच्या बाजूला टाकायची. नाला खोल करताना जेसीबीवाला तासावर पैसे घेतो, तो खोदतच राहील. तीन मीटरच्या खाली जायचं नाही, हा शासनाचा नियमच आहे.

मोजमाप आठवड्याच्या आठवड्याला झालं पाहिजे. रोजगार हमीत मजुरी मोजमापावर ठरते, आणि ती अडकली की माणूस पुढच्या हंगामाची उचल लवकर घेतो. एका उशिरानं त्याचं अख्खं वर्ष गहाण पडतं. जमा-खर्च ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लाव, म्हणजे कुजबुजीला जागा राहत नाही.

पहिला मोठा पाऊस झाला की छत्री घेऊन रानात जा. जिथं भराव खचला तिथं त्याच आठवड्यात दगडी पिचिंग करून घे. बीडची खजाना विहीर १५८२ सालची, दुष्काळातही तिला पाणी असतं. पण तेवढी वर्षं टिकायची तर गाळ काढणारं कुणीतरी नेमलेलं लागतं. आपल्याकडे उद्घाटनाला सगळे येतात आणि गाळ काढायला कुणाचंही नाव नसतं. ते नाव, त्यासाठीची रक्कम, दोन्ही ठरावातच लिही.

आणि पाणी दिसायला लागलं की लगेच कुणीतरी उसाचं बेणं आणील, कुणी नवं बोअर पाडील. त्याआधी विहिरींची पातळी दोरीनं मोज आणि कुठलं पीक, किती पाणी, हे ग्रामसभेत ठरव. ही सभाही टोळ्या निघायच्या आत घे. ज्यांनी चर खोदले, त्यांचं मत त्या पाण्यावर आधी हवं.