संगणकाच्या स्मृतीचे स्थलांतर

चेन्नईच्या अण्णा सालै या हमरस्त्यावरून, ज्याला जुनी मंडळी अजूनही माउंट रोड म्हणतात, चिंताद्रिपेटच्या बाजूस वळले की रिची स्ट्रीट हा अरुंद, गजबजलेला रस्ता लागतो. रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांनी या बाजाराचा आरंभ झाला. पुढे दूरचित्रवाणी आली, मग संगणक आले, आणि नरसिंगपुरम स्ट्रीटसारख्या लगतच्या गल्ल्याही त्याच व्यापाराने भरून गेल्या. येथे येणाऱ्या ग्राहकांपैकी अनेकांची तक्रार एकसारखीच असते. संगणक चालतो, पण त्यात जागा उरलेली नाही. पाच-सात वर्षांपूर्वी घेतलेल्या यंत्रात २५६ गिगाबाइटची एसएसडी आहे. आता ती छायाचित्रांनी, हिशेबांनी आणि कार्यप्रणालीच्या वाढत्या पसाऱ्याने काठोकाठ भरली आहे. एक टेराबाइटची नवी एसएसडी विकत घेणे अवघड नाही. अवघड आहे ते जुनीतील सर्व काही नवीत जसेच्या तसे नेणे.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. एखाद्या लेखापालाच्या संगणकात त्याच्या पक्षकारांचे दहा-पंधरा वर्षांचे हिशेब असतात. एखाद्या कुटुंबाच्या संगणकात दिवंगत आईवडिलांची छायाचित्रे असतात, ज्यांची दुसरी प्रत कोठेही नसते. स्थलांतर करताना झालेली एक चूक हे सर्व काही मिनिटांत पुसून टाकू शकते. म्हणून या कामाची पद्धत आणि तिच्यामागील कारणे, दोन्ही समजून घेणे इष्ट ठरते.

प्रथम एसएसडी म्हणजे काय ते पाहू. चुंबकीय तबकडीची परंपरा १९५६ सालापासूनची आहे. त्या वर्षी आयबीएम कंपनीने आणलेल्या साठवण-यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. एसएसडीमध्ये फिरणारे असे काहीही नसते. तिच्यातील सूक्ष्म कोशिकांमध्ये विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो, आणि त्या भाराची पातळी हीच साठवलेली माहिती होय. ज्या प्रकारच्या स्मृतीवर ती आधारलेली आहे, तिची कल्पना तोशिबा कंपनीतील फुजियो मासुओका यांची. १९८७ साली ती जगापुढे मांडली गेली. एसएसडीला सवयीने ‘डिस्क’ म्हटले जाते खरे, पण तिच्यात तबकडी नाही. भाषा यंत्रापेक्षा हळू बदलते.

आता मुख्य प्रश्न. जुन्या साधनातील धारिका निवडून त्या नव्यावर उतरवल्या तर काम होणार नाही काय? छायाचित्रांपुरते होईल, पण त्या नव्या एसएसडीवरून संगणक सुरू होणार नाही. कारण साठवण-साधनावर दिसणाऱ्या धारिकांखेरीज न दिसणारेही बरेच काही असते. आरंभी विभागांची नोंदवही असते: कोणता विभाग कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, याचा आराखडा. त्यानंतर एक लहानसा विभाग असतो, ज्यात यंत्र सुरू होताना लागणारा पहिला कार्यक्रम राहतो. मग मुख्य विभाग, जो वापरणाऱ्यास ‘सी ड्राइव्ह’ या नावाने परिचित असतो. आणि बहुधा शेवटी, दुरुस्तीच्या प्रसंगी उपयोगी पडणारा आणखी एक दडलेला विभाग. या सर्वांची, त्यांच्या परस्परसंबंधांसह, प्रतिकृती करणे म्हणजे क्लोन करणे.

हे काम दोन रीतींनी होते. एका रीतीत साधनावरील प्रत्येक कप्पा, भरलेला असो वा रिकामा, क्रमाने वाचून उतरवला जातो. दुसऱ्या रीतीत आधी धारिकांची व्यवस्था ओळखली जाते आणि फक्त व्यापलेले कप्पे उतरवले जातात. दुसरी रीत अर्थातच वेगवान. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात विकसित झालेला क्लोनझिला हा निःशुल्क कार्यक्रम शक्य असेल तेथे दुसरी रीत अवलंबतो आणि जेथे मजकुराची रचना ओळखता येत नाही तेथे पहिलीकडे वळतो. एसएसडीचे अनेक उत्पादकही स्वतःचा क्लोन कार्यक्रम देतात. त्यातील काही केवळ त्याच कंपनीच्या नव्या साधनावर चालतात.

नक्कल करण्याच्या या विद्येला चेन्नईत जुनी परंपरा आहे. शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयाची स्थापना येथे १८६९ साली झाली. भारताचे पहिले सर्व्हेयर जनरल कॉलिन मॅकेन्झी यांनी जमवलेला संग्रह हा या ग्रंथालयाचा एक मुख्य आधार. ताडपत्र हे दक्षिणेकडील लेखनाचे साधन. पण उष्ण व दमट हवेत आणि कृमिकीटकांच्या सान्निध्यात ते कायमचे टिकत नाही. म्हणून जीर्ण पोथीवरून नवी पोथी उतरवून घेणे हा तेथे ग्रंथ टिकवण्याचा एकमेव मार्ग होता. ग्रंथालयानेही अनेक पोथ्यांच्या नकला करवून घेतल्या, आणि त्याच्या त्रैवार्षिक सूचींमध्ये अमुक प्रत अमुक वर्षी कोणाच्या पोथीवरून उतरवली अशा नोंदी आढळतात. ही नोंद क्षुल्लक वाटते, परंतु तिच्यावाचून नकलेचे मोल ठरत नाही. शिवाय नकलाकार अशुद्धेही उतरवतो. मूळ पोथीत ओळ गळालेली असेल तर ती नव्या पोथीतही गळालेलीच राहते.

संगणकाची प्रतिकृती याला अपवाद नाही. जुन्या साधनावरील विषाणू, बिघडलेली धारिका, चुकीची मांडणी हे सर्व नव्या साधनावर निष्ठेने उतरते. यास्तव क्लोन करण्यापूर्वी जुन्याची तपासणी करावी. प्रत्येक आधुनिक साधन स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. ती वाचून दाखवणारे कार्यक्रम सहज मिळतात. धारिका-व्यवस्थेतील दोषही आधीच दुरुस्त करावेत. मात्र साधन खरोखरच निकामी होत चालले असेल तर मार्ग वेगळा. वाचता न येणाऱ्या कप्प्यावर वारंवार आघात केल्याने उरलेला भागही हातचा जाऊ शकतो. अशा वेळी डीडीरेस्क्यू यासारखा कार्यक्रम वापरतात. तो प्रथम सुस्थितीतील भाग उचलतो, अवघड भाग नोंदून ठेवतो आणि त्यांकडे शेवटी वळतो.

नवी एसएसडी घेताना तिच्या आकाराचा मेळ पाहावा लागतो. अडीच इंची चपटी पेटी साटा नावाच्या जोडणीवर चालते आणि सेकंदास साधारण ५५० मेगाबाइटपेक्षा अधिक वेग देऊ शकत नाही. दुसरा प्रकार च्युइंगमच्या पट्टीएवढ्या एम.२ साधनांचा. त्यांवर २२८० हा आकडा असेल तर रुंदी २२ आणि लांबी ८० मिलिमीटर असे समजावे. येथे एक फसगत संभवते. एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. त्या आकाराची साधने साटा पद्धतीचीही असतात आणि अधिक वेगवान एनव्हीएमई पद्धतीचीही. खाच सारखी दिसली म्हणून संगणक दोन्ही स्वीकारीलच असे नाही. जुन्या संगणकांपैकी कित्येकांना एनव्हीएमई साधनावरून सुरू होताच येत नाही. यंत्राची माहितीपुस्तिका पाहिल्यावाचून खरेदी करू नये.

क्षमतेच्या आकड्यांचाही उलगडा करून घ्यावा. उत्पादकाचा एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट. विंडोज मात्र एक गिगाबाइट हा १,०७,३७,४१,८२४ बाइटचा धरते, त्यामुळे पडद्यावर सुमारे ९३१ हा आकडा दिसतो. दुकानदाराने फसवले, असा समज होण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष कामापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. सर्वांत महत्त्वाच्या धारिकांची एक स्वतंत्र प्रत तिसऱ्याच साधनावर काढावी. क्लोन हा त्या प्रतीचा पर्याय नव्हे. दुसरे, विंडोजचे बिटलॉकर हे कुलूप लावलेले आहे काय ते पाहावे. अनेक नव्या यंत्रांत ते वापरणाऱ्याच्या नकळत लागलेले असते. त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी आणि शक्य असल्यास काम होईपर्यंत कुलूप काढावे. तिसरे, वहनीय संगणक विजेला जोडून ठेवावा. वीज मध्येच गेली तरी सहसा जुन्या साधनास इजा होत नाही, कारण तेथून केवळ वाचन चाललेले असते. पण काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

नवी एसएसडी एका लहानशा बाह्य पेटीत बसवून यूएसबीद्वारे जोडतात. किती वेळ लागेल, हे जोडणीवर अवलंबून असते. दोनशे गिगाबाइट मजकूर सेकंदास ४०० मेगाबाइट या वेगाने गेला तर साडेआठ मिनिटे पुरतात. जुनी चुंबकीय तबकडी सेकंदास १०० मेगाबाइट देत असेल तर अर्ध्या तासाहून थोडे अधिक. आणि यूएसबीची जुनी दुसरी आवृत्ती असेल तर दीड तास.

यानंतर येतो तो या सर्व व्यवहारातील एकमेव घातक क्षण. कार्यक्रम विचारतो: मूळ कोणते आणि लक्ष्य कोणते? लक्ष्यावर जे काही असेल ते पुसले जाणार, हे निश्चित. उत्तर उलटे दिले गेले, तर रिकाम्या एसएसडीची प्रतिकृती भरलेल्या एसएसडीवर उमटते. कार्यक्रमाची त्यात चूक नसते. त्याने सांगितल्याप्रमाणे रितेपण अचूक उतरवलेले असते. म्हणून ‘पहिली’ व ‘दुसरी’ अशा क्रमांकांवर विसंबू नये. क्षमता आणि साधनाचा अनुक्रमांक कागदावर लिहून घ्यावा व पडद्याशी ताडून पाहावा. २५६ आणि १००० या आकड्यांत गफलत होणे कठीण. परंतु दोन्ही साधने समान क्षमतेची असतील तर हा कागदच वाचवतो.

प्रतिकृती पूर्ण झाल्याचा संदेश आला म्हणजे काम संपले असे नव्हे. संगणक बंद करावा, जुने साधन काढून घ्यावे, नवे त्याच्या जागी बसवावे आणि केवळ त्याच्यावर यंत्र सुरू करून पाहावे. दोन्ही जोडलेली ठेवून परीक्षा घेण्यात अर्थ नसतो. दोहोंची ओळखचिन्हे एकच असल्याने कार्यप्रणालीचा गोंधळ उडतो, आणि यंत्र कोणत्या साधनावरून सुरू झाले हेही कळत नाही. कित्येकांनी आठवडाभर नव्यावर काम केले अशी समजूत करून घेतलेली असते, आणि प्रत्यक्षात यंत्र जुन्यावरच चाललेले असते.

यंत्र सुरू झाले, तरी बहुधा एक निराशा वाट पाहत असते: सी ड्राइव्ह पूर्वीएवढाच दिसतो. प्रतिकृतीने जुना आराखडाही तसाच आणलेला असतो. उरलेली जागा शेवटी, कोणाच्याही नावे न लागलेल्या जमिनीसारखी, पडून असते. ती सी ड्राइव्हला जोडावी म्हटले तर मध्ये तो दडलेला दुरुस्ती-विभाग आडवा येतो, आणि विंडोजचे स्वतःचे साधन त्याला ओलांडू शकत नाही. जीपार्टेडसारख्या कार्यक्रमाने तो विभाग शेवटास सरकवला की मग सी ड्राइव्ह वाढवता येतो. काही क्लोन कार्यक्रम ही फेरमांडणी उतरवतानाच करतात.

जुन्या साधनाचे काय करावे? ते लगेच पुसून पुन्हा वापरण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. वर्षाकाठी एकदाच लागणारा कार्यक्रम किंवा धारिका नव्यावर उघडते की नाही, हे पहिल्या दिवशी कळत नाही. काही आठवडे तरी जुने साधन अस्पर्श ठेवावे. तथापि त्याला कायमचा संग्रह मानणे तितकेच चुकीचे. कोशिकांतील विद्युतभार हळूहळू झिरपतो आणि उष्णतेत अधिक वेगाने झिरपतो. घरगुती एसएसडीने आपले लेखन-आयुष्य संपल्यानंतर, विजेविना, ३० अंश सेल्सिअस तापमानात एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा मानकात धरलेली आहे. कमी वापरलेली एसएसडी याहून बरीच अधिक टिकते. पण चेन्नईच्या मे महिन्यातील बंद कपाट ३० अंशांवर थांबत नाही.

साधन कोठे ठेवायचे, हा विचारही या शहराने शिकवलेला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीच्या पुराचे पाणी चेन्नईतील असंख्य घरांच्या तळमजल्यांत शिरले; डिसेंबर २०२३ च्या चक्रीवादळात पुन्हा अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. संगणक मेजावर आणि त्याची प्रत त्याच मेजाच्या खणात असेल, तर पाणी दोहोंत भेद करीत नाही. महत्त्वाच्या धारिकांची तिसरी प्रत दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी असावी.

परीक्षेचा काळ संपल्यावर जुनी एसएसडी विकायची वा कोणास द्यायची असेल, तर केवळ धारिका काढून टाकणे पुरेसे नाही. तिच्यावर दुसरे काही लिहिल्यानेही सर्व पुसले जात नाही, कारण झीज समान व्हावी म्हणून एसएसडी प्रत्येक नवे लेखन स्वतःच्या सोयीने वेगळ्या कोशिकांत करते. उत्पादकाच्या कार्यक्रमातील संपूर्ण पुसण्याची आज्ञा वापरावी. आणि ती ठेवायचीच असेल तर तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवावी: कोणत्या यंत्रातून काढली, कोणत्या दिवशी तिची प्रतिकृती केली, आणि ती प्रतिकृती आता कोठे आहे.