रोज जोरात धावल्याने दम वाढतो का?

गेल्या वर्षी नववीत असताना आंतर-हाउस क्रॉस कंट्रीसाठी मी पाच आठवडे रोज जीव तोडून धावलो. सकाळी पीटीत सर्वांच्या पुढे राहायचे आणि संध्याकाळी खेळांच्या तासानंतर पुन्हा चार किलोमीटर वेगाने धावायचे, असा माझा नेम होता. जितका त्रास जास्त तितका फायदा जास्त, असे मला वाटे. पण तिसऱ्या आठवड्यापासून मला तेवढ्याच अंतराला जास्त वेळ लागू लागला. नडगी दुखू लागली, वर्गात डुलक्या येऊ लागल्या. संघातून नाव जाईल या भीतीने मी हे कोणालाच सांगितले नाही. शर्यतीत मी आदल्या वर्षीपेक्षाही मागे पडलो आणि आमच्या हाउसची ट्रॉफी थोडक्या गुणांनी हुकली.

नंतर पीटी उस्तादांनी मला एकच प्रश्न विचारला, "तू हळू कधी धावतोस?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मग मी या विषयावर वाचू लागलो.

वेगाने धावताना स्नायूंतील ग्लायकोजन झपाट्याने खर्च होते आणि स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. ही झीज शरीर नंतर अन्न आणि झोप यांच्या मदतीने भरून काढते, आणि ताकद वाढते ती तेव्हाच. ग्लायकोजन पूर्ण भरायलाच साधारण एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. त्याआधीच रोज जोर लावला, तर थकवा साठत जातो.

संथ धावणे वाया जात नाही. त्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंमधील केशवाहिन्या वाढतात आणि पेशींतील तंतुकणिकाही वाढतात. वेगवान सरावही हवाच, पण मोजका. संशोधक स्टीफन सायलर यांना असे आढळले की, उत्तम दीर्घ पल्ल्याचे खेळाडू सुमारे ८० टक्के सराव सोप्या गतीने करतात. २०२२ मध्ये बर्लिन मॅरेथॉन २ तास १ मिनिट ९ सेकंदांत धावणारा केनियाचा एलिउड किपचोगेसुद्धा आठवड्यातले बरेचसे किलोमीटर संथ गतीनेच धावत असे.

यंदा मी मंगळवारी आणि शुक्रवारी जोरात धावतो. इतर दिवशी शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्याच गतीने धावतो आणि रविवारी विश्रांती घेतो. सकाळी उठण्यापूर्वी नाडी मोजतो. एरवी ती ५८ असते. सात-आठने वाढलेली दिसली, तर त्या दिवशी वेग टाळतो. लाइट्स आउटनंतर गप्पाही बंद केल्या, कारण आमच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते.

पाच किलोमीटरची माझी वेळ एका मिनिटाने सुधारली आहे. वर्षभरात माझी उंचीही वाढली, त्यामुळे सगळे श्रेय वेळापत्रकाला देता येणार नाही. पण नडगी दुखत नाही, हे नक्की.

शर्यत पुढच्या महिन्यात आहे. माझ्या ज्युनिअर मित्रांना एकच सांगणे आहे: दुखत असेल तर लपवू नका, उस्तादांना सांगा. मी लपवले, त्याची किंमत सगळ्या हाउसने मोजली.

– कॅडेट, इयत्ता दहावी