दिवसाचा हिशेब देवाच्या हाती

दुकानदार दुकान बंद करण्यापूर्वी गल्ला मोजतो. गृहिणी झोपण्यापूर्वी गॅस बंद आहे ना, कडी लागली आहे ना, हे पाहते. आपण मोबाईल चार्जिंगला लावतो, सकाळचा गजर लावतो. रात्री एवढ्या सगळ्या गोष्टी आठवणीने करणारे आपण, दिवसभर साथ देणाऱ्या परमेश्वराचा निरोप घेतो का? अनेक घरांत संध्याकाळच्या रोझरीची जागा आता मालिकांनी घेतली आहे. उशिराच्या लोकलने घरी येणारा माणूस जेवतो आणि आडवा होतो. अशा धावपळीत ख्रिस्तसभेने शतकानुशतके जपलेली रात्रीची प्रार्थना आपल्याला काय देऊ शकते, ते आज पाहू या.

ही प्रार्थना कोठून आली?

या प्रार्थनेला लॅटिन भाषेत 'कॉम्प्लेतोरियुम' म्हणतात. अर्थ साधा आहे : पूर्ण करणे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात या प्रार्थनेसाठी रोज तीच तीन स्तोत्रे नेमून दिली : ४, ९१ आणि १३४. रोज तीच असल्यामुळे ती पाठ होत आणि अंधारातही म्हणता येत. प्रार्थनेनंतर कोणी बोलायचे नाही, असाही नियम होता. पाहुण्यांची गरज किंवा मठाधिपतींची आज्ञा एवढाच अपवाद. दिवसाचा शेवटचा शब्द देवाशी बोललेला असावा, हा त्यामागचा हेतू.

ही प्रार्थना केवळ धर्मगुरू व धर्मभगिनींसाठी आहे असे नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात प्रापंचिकांनीही ख्रिस्तसभेची ही नित्य प्रार्थना करावी असे सुचविले. त्यानंतर नव्याने रचलेला प्रार्थनाग्रंथ पोप सहावे पॉल यांनी १९७० साली मंजूर केला. त्यात आठवड्याच्या प्रत्येक रात्रीसाठी वेगळी स्तोत्रे आहेत; पण ज्यांना पाठ म्हणायची आहे त्यांनी रोज रविवारचीच स्तोत्रे म्हटली तरी चालते. मध्यरात्र उलटून गेली असली तरी झोपण्यापूर्वी ती करता येते. रात्रपाळी करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

तिच्यात काय असते?

प्रारंभी आपण थोडा वेळ शांत राहून दिवसाची तपासणी करतो. मग गीत, स्तोत्र आणि पवित्र शास्त्रातील दोन-तीन ओळींचे वाचन. त्यानंतरच्या प्रतिसादात आपण आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवितो. हे शब्द ३१ व्या स्तोत्रातले. प्रभू येशूने क्रुसावर अखेरचा श्वास घेताना तेच उच्चारले (लूक २३:४६). मग येते वृद्ध शिमोनाचे गीत (लूक २:२९-३२). ख्रिस्ताला पाहिल्याशिवाय मरण येणार नाही, असे त्याला आश्वासन मिळाले होते. बाळ येशूला हातांत घेतल्यावर तो समाधानाने देवाकडे जाण्याची रजा मागतो. शेवटी शांत रात्र आणि चांगले मरण यांसाठी आशीर्वाद मागून, पवित्र मरियेच्या स्तुतिगीताने प्रार्थना संपते.

झोपण्यापूर्वी मरणाची आठवण कशाला, असे काहींना वाटेल. पण झोपणे म्हणजे तरी काय? सारे हातातून सोडून देणे. जो रोज रात्री विश्वासाने डोळे मिटायला शिकतो, त्याला शेवटच्या रात्रीची भीती कमी वाटते.

शुक्रवारच्या रात्री स्तोत्र ८८ असते. ते अंधारातच संपते, त्यात आशेचा शेवट नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून जागणाऱ्यांना ते आपले वाटेल. अशी रात्रही देवापुढे जशीच्या तशी मांडता येते, हे ख्रिस्तसभा आपल्याला त्यातून शिकवते.

एका बुधवारची गोष्ट

आम्ही पती-पत्नी काही वर्षांपासून ही प्रार्थना करीत आहोत. एकदा शेताच्या बांधावरून मोठ्या भावाशी आमचे कडाक्याचे बोलणे झाले. त्या रात्री नेमका बुधवार होता. वाचन होते एफेसकरांस पत्र ४:२६-२७ : राग मनात ठेवून सूर्य मावळू देऊ नका, हा संत पौलाचा उपदेश. वाचता वाचता आम्ही थांबलो. सूर्य तर केव्हाच मावळला होता! पुढे जाववेना. शेवटी फोन उचलला. दादाही जागाच होता. बोलणे दोन मिनिटांचे झाले. बांधाचा प्रश्न त्या रात्री सुटला नाही, पण "जेवलास का?" असे त्याने विचारले. मग आम्ही उरलेली प्रार्थना पूर्ण केली.

आपण कशी सुरुवात करावी?

पूर्ण प्रार्थना जमत नसेल, तर दिवसाच्या तपासणीपासून आरंभ करावा. संत इग्नेशियस लोयोला यांनी 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात तिच्या पाच पायऱ्या दिल्या आहेत :

१. आज मिळालेल्या कृपादानांबद्दल देवाचे आभार मानणे.
२. आपल्या चुका दिसाव्यात म्हणून कृपा मागणे.
३. सकाळपासूनचा विचार, उच्चार व आचार तपासणे.
४. चुकले त्याबद्दल क्षमा मागणे.
५. देवाच्या साहाय्याने उद्या सुधारण्याचा निश्चय करणे.

आभार पहिले आहेत, हे लक्षात घेऊ या. आपण बहुधा उलट करतो : आधी स्वतःला दोष देतो आणि आभार मानायचे राहूनच जातात. गंभीर पाप आठवले, तर त्यासाठी प्रायश्चित्त संस्कार आहेच. रात्रीची तपासणी त्याची तयारी करून देते.

घरात लहान मुले असतील तर त्यांना एकच प्रश्न विचारावा : "आज देवाने तुला काय दिले?" त्यांची उत्तरे ऐकून आपल्यालाच प्रार्थना करावीशी वाटेल.

या आठवड्यासाठी निश्चय : सात रात्री, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे मोबाईल दूर ठेवून स्तोत्र ४ वाचू या. आणि कोणाशी अबोला असेल, तर दिवा मालवण्यापूर्वी त्या व्यक्तीचे नाव देवापुढे घेऊ या. फोन करण्याचे धैर्य तोच देईल.