वेळेची नोंद आणि वापरणाऱ्याचे म्हणणे

बँकेच्या शाखेत काही वर्षे काढलेल्या प्रत्येकाला हजेरीपटावरची लाल शाई आठवत असेल. दहा मिनिटे उशीर झाला की ती शाई नावासमोर उमटत असे. कर्मचारी किती वाजता आला हे हजेरीपट सांगत असे, परंतु त्याचा दिवस कोणत्या कामात खर्ची पडला हे मात्र त्यातून कधीच कळत नसे. वेळेच्या नोंदीचे खरे शास्त्र या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते.

पहिल्या प्रश्नाचे यांत्रिक उत्तर जुने आहे. १८८८ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, ऑबर्न येथील विलार्ड बंडी या जवाहिऱ्याने कामगारांच्या येण्याजाण्याची वेळ कागदावर छापणारे घड्याळ तयार केले. प्रत्येक कामगाराला क्रमांकाची स्वतंत्र किल्ली मिळे व ती फिरवली की नोंद होई. हा व्यवसाय पुढे ज्या कंपन्यांत विलीन होत गेला, त्यांतील एकीने १९२४ मध्ये आय.बी.एम. हे नाव धारण केले. संगणकयुगाच्या मुळाशी हजेरीचे घड्याळही आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र यंत्राने मिळत नाही, कारण कोणत्या कामाला किती वेळ लागला हे काम करणाऱ्यानेच सांगावे लागते. इंटरनेटवर चालणाऱ्या आजच्या वेळ-नोंद प्रणालींचे यशापयश म्हणूनच वापरणाऱ्याच्या हाती असते.

याचा धडा मला एका कर्जखात्यामुळे मिळाला. तो येथे मालकांच्या अनुमतीने, त्यांचे नाव न देता मांडत आहे.

वजनावर भाव

बदलीमुळे माझी काही वर्षे कावेरीच्या खोऱ्यात गेली. तंजावरहून कुंभकोणमकडे निघालेली पॅसेंजर गाडी पापनाशम सोडल्यावर सुंदरपेरुमाळ कोयिल या लहानशा स्थानकावर थांबते. गावाचे नावच मुळी ‘सुंदर पेरुमाळांचे देऊळ’ असे आहे. पुढचे स्थानक स्वामिमलै, म्हणजे धातुमूर्तींचे माहेरघर. (१६७६ ते १८५५ या काळात तंजावरला मराठ्यांचे राज्य होते आणि त्या दरबारची मोडी कागदपत्रे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. त्यामुळे मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका वाटत नाही.) सुंदरपेरुमाळ कोयिलच्या शिवारात आमच्या एका खातेदाराची मूर्ती घडविण्याची कार्यशाळा होती. खेळत्या भांडवलाच्या नूतनीकरणासाठी मी तेथे पाहणीला गेलो होतो.

हातात मागण्या भरपूर, कारागीर निष्णात, आणि तरीही खाते कायम मर्यादेला टेकलेले. कारण समजायला वेळ लागला नाही. मालक मूर्तीचा भाव धातूच्या वजनावर सांगत. स्वामिमलैची पद्धत घन ओतकामाची. मेण आणि राळ यांच्या मिश्रणाची मूर्ती करायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीचे थर द्यायचे, ते सावलीत वाळवायचे, तारेने बांधून साचा तापवायचा, वितळलेले मेण वाहून गेले की त्या पोकळीत तांबे अधिक असलेला पंचधातू ओतायचा. साचा फोडला की मूर्ती हाती येते, पण ती ओबडधोबड असते. खरा वेळ त्यापुढे छिन्नी आणि कानस यांच्या कामात जातो. सारख्याच वजनाच्या दोन मूर्तींपैकी दागिन्यांनी मढलेल्या मूर्तीला साध्या मूर्तीच्या कितीतरी पट मजुरी लागू शकते. वजन ही गोष्ट सांगत नाही. मागणीबरोबर आलेली आगाऊ रक्कम कोरीव काम अर्धे असतानाच संपे, आणि उरलेली मजुरी आमच्या कर्जातून जाई.

अर्धतयार मालाची किंमत कशी धरता, असे मी विचारले. मालकांनी भिंतीकडे बोट दाखवले. तेथे खडूच्या रेघा होत्या.

‘नल्ला इरुक्कु’

मालकांच्या अभियंता पुतण्याने यावर उपाय म्हणून मोबाईलच्या ब्राऊझरमध्ये उघडणारी एक वेळ-नोंद प्रणाली तयार केली. कारागिराने मूर्तीचा क्रमांक निवडायचा, यादीतून कामाचा टप्पा निवडायचा, ‘सुरू’ दाबायचे आणि काम संपल्यावर ‘बंद’. महिन्याभराने त्याने सर्वांना विचारले, कशी वाटते? सर्वांनी सांगितले, ‘नल्ला इरुक्कु’, म्हणजे छान आहे. नोंदी मात्र निम्म्याही नव्हत्या, आणि खडूच्या रेघा पूर्वीसारख्याच वाढत होत्या.

येथे नेहमीची चूक अशी की, लोकांना शिस्त नाही असा निष्कर्ष काढला जातो. मालकांचाही तोच कल होता. पुतण्याने दुसरा मार्ग धरला व तो अभ्यासण्यासारखा आहे. ‘आवडली का?’ हा प्रश्न त्याने सोडून दिला, कारण मालकाच्या पुतण्याला ‘नाही’ कोण म्हणेल! त्याऐवजी तो खडूने रेघ ओढणाऱ्याशेजारी जाऊन बसू लागला आणि ‘काल शेवटची नोंद केलीत तेव्हा काय झाले?’ एवढेच विचारू लागला. ज्याला बोलायचे नसेल त्याच्यासाठी दाराजवळ एक वही टांगली. सही सक्तीची नव्हती.

उत्तरे साधी होती आणि बहुतेक प्रणालीच्या गृहीतांवरच घाव घालणारी होती. मेणकाम करणाऱ्याचे हात तेलकट असतात, साचा लिंपणाऱ्याचे मातीने भरलेले, त्यामुळे कामाच्या क्षणी पडद्याला बोट लावणे त्यांना शक्यच नव्हते. मातीचा थर वाळत असताना तोच कारागीर दुसऱ्या मूर्तीचे मेण घडवतो. प्रणाली मात्र एका माणसाला एका वेळी एकच मूर्ती देत होती, शिवाय वाळण्याचे तासही मजुरीत धरत होती. ओतकामाच्या दिवशी सारे जण एकाच भट्टीभोवती असतात, तेव्हा प्रत्येकाने वेगळे बटण दाबावे कसे? पावसात नेट गेले की भरलेले पान नाहीसे होई. आणि टप्प्यांची नावे पुस्तकी होती, ती कार्यशाळेत कोणीच उच्चारत नसे.

त्यावरून झालेले बदल फारसे अवघड नव्हते. चहाच्या सुटीत मागील वेळेची नोंद करण्याची मुभा मिळाली. श्रमाचा वेळ आणि प्रतीक्षेचा वेळ असे दोन रकाने वेगळे झाले. ओतकामासाठी सामूहिक नोंद आली. नेट नसताना नोंद फोनमध्येच साठून राहू लागली व नंतर आपोआप पाठवली जाऊ लागली. टप्प्यांना कारागिरांच्या तोंडची नावे मिळाली आणि प्रत्येकापुढे अवजाराचे चित्र आले. वेळ-नोंदीच्या बाबतीत मला यातील दोन रकान्यांचा बदल सर्वांत मोलाचा वाटतो. गिऱ्हाइकाला द्यायची तारीख दोन्ही वेळांच्या बेरजेवर ठरते, तर मजुरी केवळ पहिल्यावर. हा फरक ज्याच्या ध्यानी आला नाही, त्याचे दोन्ही हिशेब चुकतात.

किती जणांचे म्हणणे ऐकावे, असाही प्रश्न पडतो. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली असे मांडले की, पाच जणांना प्रत्यक्ष वापरताना पाहिले तरी सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. मात्र वापरणाऱ्यांचे गट भिन्न असतील तर प्रत्येक गटातील माणसे पाहिली पाहिजेत. येथे मेणकाम करणारा, कोरीव काम करणारा आणि हिशेबनीस हे तीन अगदी वेगळे गट होते. हिशेबनिसाची प्रणालीबद्दल पहिल्या दिवसापासून काहीच तक्रार नव्हती, हेही नमूद करतो.

रेघ मारून सही

एक प्रसंग मात्र गंभीर होता. छिन्नीकाम करणारे एक वयोवृद्ध कारागीर, ज्यांना सारे आदराने ‘पेरियवर’ म्हणत, एके संध्याकाळी ‘बंद’ दाबायला विसरले. प्रणालीने ती नोंद अपुरी ठरवून रद्द केली आणि आठवड्याच्या हिशेबात त्यांची पूर्ण दिवसाची मजुरी गेली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फोनला हात लावणे बंद केले आणि पाहता पाहता इतरांनीही.

मजुरी अर्थातच परत देण्यात आली. पण पुढे काय? नोंदी कोणालाही दुरुस्त करू द्याव्यात, असे एक मत होते. तसे केले तर हिशेबाला अर्थ राहत नाही, असे दुसरे. या ठिकाणी माझ्या बँकेतील अनुभवाचा थोडा उपयोग झाला. आपल्या खतावणीत चुकलेला आकडा खोडरबराने पुसत नाहीत. त्यावर रेघ मारतात, नवा आकडा लिहितात आणि सही करतात. जुना आकडाही वाचता आला पाहिजे. प्रणालीत तीच रीत आणली गेली. अपुरी नोंद रद्द न होता दुसऱ्या सकाळी ‘काल केव्हा थांबलात?’ असा प्रश्न त्याच माणसाला येतो. त्याचे उत्तर, दुरुस्तीचे कारण व मूळ नोंद ही तिन्ही राहतात, आणि आठवड्याचा हिशेब बंद होण्यापूर्वी प्रत्येकाला त्याच्या तासांची बेरीज दाखवली जाते. पेरियवर परतले. मात्र स्वतः फोन घेत नाहीत, शेजारचा मुलगा त्यांच्यासमोर नोंद करतो व त्यांना वाचून दाखवतो. तीही सोय करावी लागली.

न मानलेली सूचना

प्रत्येक सूचना अमलात आणणे म्हणजे सुधारणा नव्हे. हातात छिन्नी नाही असे दिसताच दर दहा मिनिटांनी सूचना वाजावी, अशी मालकांची इच्छा होती. काही दिवस ती चालवून पाहिली. परिणाम असा झाला की सर्वांचे तास एकदम गोल आकड्यांत येऊ लागले: चार, चार, आठ. माणूस घाबरला की नोंद नीटनेटकी होते आणि खोटी होते. शाखेत तपासनीस येणार म्हटल्यावर आपली टेबले कशी दिसतात, ते आठवावे! ती सोय काढून टाकली. मालकांना खरे तर कोणती मूर्ती रखडली आहे हे हवे होते. ते मूर्तीनिहाय तक्त्यावरून त्यांना मिळाले.

पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी अर्जासोबत अर्धतयार मूर्तींचा तक्ता होता, त्यात धातू वेगळा आणि श्रमाचे तास वेगळे. भाव सांगताना वजनाबरोबर कोरीव कामाच्या तासांचाही अंदाज दिला जाऊ लागला होता, आणि आगाऊ रक्कम दोन टप्प्यांत घेतली जात होती. मर्यादेत वाढ न मागता केवळ नूतनीकरण मागणारा तो त्या वर्षीचा माझा एकमेव अर्ज असावा.

दाराजवळची वही अजून टांगलेली आहे, असे अलीकडे फोनवर समजले. तिच्यातील ताजी तक्रार ईशान्य मोसमी पावसाची आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात माती वाळायला वाट पाहावी लागते, परंतु प्रणाली प्रतीक्षेचा वेळ उन्हाळ्यातल्या नोंदींवरून धरते व गिऱ्हाइकाला चुकीची तारीख सांगते. पुतण्या आता महिन्यांनुसार वेगळी सरासरी काढण्याच्या खटपटीत आहे.